देठासकट

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आला की आमच्या डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनमध्ये, शाळकरी मुलं झिपलॉकच्या पिशव्या घेऊन झाडांखाली फिरायला लागतात. माना वर आणि तोंडं उघडी. मागून कुणाचे तरी आईबाप फोनमध्ये झाडाचं नाव शोधत चाललेले असतात. सातवीला विज्ञानाच्या तासाला पानांचा संग्रह करायचा असतो. तीस झाडांची तीस पानं, वाळवून, चिकटवून, खाली नाव आणि ओळखण्याची खूण लिहून. आमच्या इरानं तो केला त्याला आता सहा वर्षं झाली. ती ऑगस्टमध्ये कॉलेजला गेलीसुद्धा. तरी हे दिवस आले की माझी मान आपोआप वर जाते. पडलेलं पान उचललं की मी पान बघतच नाही, आधी त्याचा देठ चिमटीत धरून फिरवते. फिरला तर टाकून देते. अडला तर तिथेच थोडा वेळ उभी राहते.

ही खोड अप्पांची. ती त्यांच्याकडून माझ्याकडे कशी आली, ते सांगायला मला फारसं आवडत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. सांगलीच्या एका कापडदुकानात त्यांनी चाळीस वर्षं गादीवर बसून कापड विकलं. दुकान दुसऱ्याचं, पण गिऱ्हाईक अप्पांचं. लग्नाचा बस्ता बांधायला लोक तालुक्याच्या गावांहून यायचे आणि 'ते पानवाले अप्पा आहेत का' असं विचारायचे. कारण खरेदी झाली की अप्पा स्वतःच्या हातानं सगळ्यांना विडा करून देत. पान ओल्या फडक्यानं पुसायचं, देठ खुडायचा, मागच्या जाड शिरा नखानं काढायच्या, मग चुन्याचं बोट. बोलणं चालूच, नजर गिऱ्हाइकावर, हात आपले काम करताहेत. कापड ओळखायचे तेसुद्धा हातानंच. अंगठा आणि तर्जनीत धरून एकदाच चोळायचे आणि सांगायचे, यात सूत किती आणि लबाडी किती.

आई गेल्यानंतर दोन वर्षांनी ते पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे आले, जूनपासून डिसेंबरपर्यंत. त्या सहा महिन्यांत त्यांचं इथे काय होणार, याची मला धास्ती होती. आमच्या कॉलनीत दुपारी चिटपाखरू नसतं. गाडी चालवता येत नाही, टीव्हीवरचं इंग्रजी कळत नाही, नात शाळेत, लेक मीटिंगमध्ये. विड्याची पानं तेवढी इंडियन स्टोअरच्या फ्रीजमध्ये मिळायची. जेवण झालं की ते डायनिंग टेबलाशी एक विडा करत आणि दुसरा माझ्यासाठी करून ठेवत. मी तो संध्याकाळी सिंकपाशी उभ्या उभ्या खात असे.

ते आले तेव्हा आमच्या मागच्या ओढ्याकाठी कापूस उडत होता. तिथे एक मोठं कॉटनवुड आहे. जूनमध्ये त्याचं बी फुटतं आणि आठवडाभर सगळ्या अंगणांवर पांढरं पिंजण पसरतं. शेजारी त्याला शिव्या घालतात, एसीच्या जाळ्या बंद होतात म्हणून. अप्पांनी मात्र एक वाटीभर कापूस गोळा करून आणला आणि देवासाठी वात वळायला घेतली. दहा मिनिटं बोटं चालवली. मग वाटी बाजूला सरकवून म्हणाले, "तंतू आखूड आहे गं. पीळ धरत नाही." व्यापाऱ्याला नापसंत माल परत करावा, तसं म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ते झाड बघायला गेले. खोडावर खोल चिरा होत्या, त्यांत बोट पेरभर आत जायचं. एवढ्या राकट झाडाला असा मऊ कापूस कसा लागतो, हे मग ते मला आठवडाभर विचारत होते. मला खरं म्हणजे ऐकायला वेळ नव्हता.

सप्टेंबरात इराचा संग्रह सुरू झाला आणि अप्पांना नोकरी लागली.

तिला मराठी समजायचं, बोलता यायचं तुटक. ती इंग्रजीत विचारायची, हे मराठीत सांगायचे, आणि मध्ये झाड असायचं. शाळेच्या यादीत सगळ्यात अवघड पान पॉप्लरच्या घराण्याचं. मेपल आणि ओक आंधळाही ओळखील, पण कॉटनवुड, अ‍ॅस्पेन, मोठ्या दातांचं अ‍ॅस्पेन आणि पांढरं पॉप्लर ही सगळी एकमेकांची चुलत भावंडं. बाईंनी त्यांच्यासाठी संग्रहात एक स्वतंत्र पान ठेवलं होतं. एकेकाची खूण लिहायची आणि शेवटी सांगायचं, यांना एका घराण्यातली म्हणून कशावरून ओळखायचं. त्या शेवटच्या प्रश्नाची जागा इरानं कोरी ठेवली होती, बाई वर्गात सांगणार होत्या म्हणून.

लायब्ररीजवळ दोन सडपातळ, पांढरट झाडं आहेत. दहा वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ती बर्च म्हणून दाखवत होते. अप्पांनी खोडावरून हात फिरवला आणि बोटं वर करून बघितली. पांढरी भुकटी लागली होती.

"चुना लागतोय की याला," ते म्हणाले.

इरा पुस्तकात बघून म्हणाली, "आजोबा, इट्स अ‍ॅस्पेन. दॅट्स लाइक इट्स सनस्क्रीन." मग तिनं समजावलं, की बर्चची साल कागदासारखी सोलून निघते, अ‍ॅस्पेनची निघत नाही, नुसती भुकटी येते. अप्पांनी नखानं जरा खरवडून खात्री करून घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दहा वर्षं काय विकत होतीस मग?"

पानं तर त्यांनी पहिल्या दिवसापासून दुकानातल्या कापडासारखी लावली. साध्या अ‍ॅस्पेनचं पान गोल, रुपयाच्या जुन्या नाण्यासारखं, काठाला बारीक टीप. मोठ्या दातांचं अ‍ॅस्पेन आमच्या जवळपास सापडेना, ते तासाभरावरच्या डोंगराळ पार्कात मिळालं, आणि त्याचे काठ बघून अप्पा म्हणाले, "हे झिगझॅग कात्रीनं कापलंय." कॉटनवुडचं त्रिकोणी आणि गुळगुळीत. पांढऱ्या पॉप्लरचं पान उलटं केलं तर खाली पांढरी लव. ते त्यांनी चिमटीत चोळलं आणि डोळे मिटून सांगितलं, "वरून साटीन, खालून फलालीन." इरानं साटीन आणि फलालीन हे शब्द वहीत देवनागरीत लिहून घेतले. तिनं स्वतःहून देवनागरीत काही लिहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आज मागे बघताना कळतं, की त्या सहा आठवड्यांत आमच्या घरात फार बरं चाललं होतं. पानं जाहिरातींच्या कागदांत घालून वर वीस पौंडांची बासमतीची गोणी ठेवलेली. तिच्यावर पोळपाट. भात लावायचा म्हणजे आधी इराची परवानगी काढायची. अप्पा रोज सकाळी गोणीखालचे कागद बदलायचे. त्यांच्या चालण्यात पूर्वीची गडबड आली होती, दुकान उघडायला निघाल्यासारखी. हे सगळं मला दिसत होतं, पण दिसणं आणि लक्षात येणं यांत अंतर असतं.

संग्रह सोमवारी द्यायचा होता. त्याआधीच्या शनिवारी आमच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरची रिलीज होती आणि ती फसली होती. सकाळी सातपासून मी वरच्या खोलीत हेडफोन लावून चार शहरांतल्या माणसांची बोलणी खात होते. इरा सॉकरला गेली होती. दुपारी तीनला मी चहासाठी खाली आले.

डायनिंग टेबलावर अप्पांनी माझी एक जुनी पांढरी ओढणी अंथरली होती. तिच्यावर तीस पानं सहा-सहाच्या ओळीत मांडलेली. ओल्या मलमलीनं एकेक पुसलेलं, धुळीचा कण नाही, एक कोपरा दुमडलेला नाही. गिऱ्हाईक आत शिरताना बघावं, तसं त्यांनी हसून माझ्याकडे पाहिलं. "बघ," म्हणाले. "आता नुसतं चिकटवायचं. पोरीचं काम अर्धं केलं."

आणि शेजारी स्टीलच्या वाटीत तीस देठ.

सगळ्या पानांचे देठ त्यांनी खुडले होते. नखानं, पानाच्या बुडापासून नेमके, चाळीस वर्षं बस्त्याच्या गिऱ्हाइकासाठी खुडले तसे. समोर पान आलं, पुसलं, की देठ जायचाच. त्यांच्या हातांना दुसरं काही माहीतच नव्हतं. पण इराच्या सूचनांच्या कागदावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, की नमुना देठासकट हवा, आणि पॉप्लरच्या पानासाठी तर देठ हीच मुख्य खूण आहे. कागद फ्रिजवरच लावलेला होता. इंग्रजीत.

मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, रागाच्या भरात बोलले म्हणता आलं असतं. मी अगदी ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "अप्पा, मी सांगितल्याशिवाय तुम्ही या घरात कशालाही हात लावू नका."

नेमकी तेव्हाच इरा आत आली होती. तिनं टेबल बघितलं, वाटी बघितली, आजोबांकडे बघितलं. "इट्स ओके, आई," ती म्हणाली. "रिअली. इट्स ओके." मी हेडफोन चढवून वर गेले. जाताना मला नळाचा आवाज आला. अप्पा हात धूत होते, खूप वेळ.

रविवारी आम्ही पुन्हा निघालो. बाकीची पानं बाई चालवून घेतील, पण पॉप्लरच्या घराण्याची चार तरी देठासकट हवीत, असं इरानं ठरवलं होतं. मी गाडी चालवत होते. अप्पा मागे बसले होते, हात मांडीवर. लायब्ररीपाशी इरा उतरली, ते उतरले नाहीत. पार्कात जायला एक तास लागला. तिथेही ते बसून राहिले. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बाहेर बघत होते. वारं नावालाही नव्हतं. बाकीची झाडं चित्रासारखी उभी होती आणि तेवढं एक अ‍ॅस्पेन सगळ्या अंगानं थरथरत होतं.

इरा पान घेऊन आली आणि मागचं दार उघडून तिनं ते त्यांच्यापुढे धरलं.

"हात लावू का?" अप्पांनी विचारलं. तिला नाही, मला. आरशातून माझ्याकडे बघत. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट काही बोलले असते. मी नुसती मान डोलावली.

त्यांनी पान घेतलं. पान नाही चोळलं, देठ चोळला, सूत बघतात तसा. मग थांबले. पुन्हा फिरवून बघितला. "हा फिरत नाही गं," ते इराला म्हणाले. "गोल नाही. फितीसारखा चपटा आहे." तिनं धावत जाऊन पलीकडच्या मेपलचं पान आणलं. तो देठ चिमटीत गरगर फिरला. मग ओकचं आणलं. तोही फिरला. परतताना आम्ही ओढ्याकाठी थांबलो, तर कॉटनवुडचाही अडला. पांढऱ्या पॉप्लरचा पुरता अडला नाही, पण अडखळला. शेवटी त्यांनी शाळेसमोरच्या ट्यूलिप पॉप्लरचं पान मागितलं, ज्याचं टोक कुणी कात्रीनं सरळ कापल्यासारखं असतं. त्याचा देठ सरळ गोल निघाला. "नावाला पॉप्लर," अप्पा म्हणाले. इरानं पुस्तक उघडलं. खरंच, ते झाड त्या घराण्यातलं नाहीच, नाव तेवढं चिकटलंय. ती डोळे विस्फारून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं मला सांगितलं, की अ‍ॅस्पेनचं पान वारा नसताना हलतं ते या चपट्या देठामुळेच. आडव्या बाजूनं त्याला जोरच नसतो, जराशी झुळूकही पेलवत नाही.

कोरी जागा भरली. मी तेव्हाच मागे वळून 'चुकलं माझं' म्हणायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हणाले, "चला, उशीर होतोय."

त्यानंतर अप्पा दीड महिना राहिले. हसत होते, जेवत होते, इराबरोबर फिरायला जात होते. फक्त कशालाही हात लावण्याआधी विचारायचे. रिमोटला हात लावू का. ही वाटी घेऊ का. माझ्यासाठी विडा करणं त्यांनी बंद केलं, आणि मी त्याचं कारण विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. विमानतळावर सामान चढवताना मी ट्रॉली आणली, तेव्हा ते म्हणाले, "याला हात लावू का?" मागे रांग होती, आणि मी पासपोर्ट शोधत होते.

मग वर्षं गेली. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, तो उशिरा कळला. आता उजेड-अंधार एवढंच दिसतं. ते पुन्हा इथे येणं शक्य नाही. मी वर्षाआड सांगलीला जाते, त्यांच्या शेजारी बसते, आम्ही सगळं बोलतो. ते एवढं सोडून. त्यांना विसर पडला असेल, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. चाळीस वर्षांपूर्वीच्या बस्त्यातल्या शालूचा पदर कसा होता, हे सांगणाऱ्या माणसाला विसर पडला असेल म्हणे.

ऑगस्टमध्ये इराला सोडून आल्यावर मी तिची खोली आवरायला घेतली. कपाटाच्या तळाशी तो संग्रह होता. तिनं तो केला तेव्हा मी तीस पानं मोजून, मार्क विचारून समाधान मानलं होतं, आतून कधी बघितलाच नव्हता. पॉप्लरच्या घराण्याचं पान उघडलं. चार नमुने, देठासकट, टेप लावून. आणि खाली पाचवं एक, कॉटनवुडचंच. बिनदेठाचं. अजून स्वच्छ. त्याच्याखाली बारा वर्षांच्या मुलीचं इंग्रजी अक्षर. मराठीत सांगायचं तर तिनं लिहिलं होतं, 'याचा देठ माझ्या आजोबांनी काढला आहे. पाहुण्यांना पान देण्याआधी ते असं तयार करतात. चपटा देठ त्यांनीच ओळखला.' बाजूला बाईंनी लाल पेनानं एक मार्क कापला होता, अपुरा नमुना म्हणून.

त्या मार्काबद्दल ती घरी एका शब्दानं बोलली नव्हती. मी बिछान्यावर बसले आणि मला रडू आलं. माझ्या बापाची बाजू माझ्या घरात कुणीतरी घेतली होती, आणि ती मी नव्हते.

तरीही फोन करायला मला ऑक्टोबर उजाडावा लागला. दिवाळीत जायचं तिकीट काढलं होतं. गेल्या रविवारी सकाळी, तिकडे संध्याकाळ असताना, मी फोन केला. माझ्या भावानं फोन त्यांच्या कानाशी धरला. मी आधी इरानं लिहिलेलं वाचून दाखवलं, पहिल्यांदा इंग्रजीत, मग मराठीत, आणि त्यावर बाईंनी मार्क कापला तेही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "मार्क किती गेला?"

"एक."

"अरेरे," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"अप्पा, त्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले होते, कशालाही हात लावू नका म्हणून."

मला वाटलं, ते म्हणतील कधी गं, मला नाही आठवत. पण त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं नव्हतं.

"म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"चुकलं माझं. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

"हं." मग मी दर वेळी विचारते तेच विचारलं. "येताना काय आणू?"

याचं त्यांचं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. काही नको, तू ये. या वेळी ते बदललं.

"त्या कापसाच्या झाडाचं पान आण," ते म्हणाले. "देठासकट. फिरवून बघीन." आणि मी बरं म्हणणार तेवढ्यात, "दोन आण. एकाचा देठ मी खुडणार आहे."

फोन ठेवून मी कोट चढवला आणि मागच्या ओढ्याकडे गेले. कॉटनवुड पिवळं झालं होतं, खालच्या फांदीवर पानं अजून होती. मी दोन तोडली, दोन्हींचे देठ चिमटीत धरून बघितले. दोन्ही अडले. मग तिसरंही घेतलं, प्रवासात एखादं मोडलं तर असावं म्हणून, आणि घरी येऊन तिन्ही बासमतीच्या गोणीखाली ठेवली.